भाई, गाडीचा दोष सापडला

भाई, गाडीचा दोष सापडला. हे तुला सांगायला हवं आणि सांगायला तू नाहीस, म्हणून लिहिते आहे. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चार चांगले शब्द लिहायचे असतात. ते दुसरे लिहितील. तुझ्या गाडीतून मालवण ते कणकवली गेलेली माणसं गावोगाव आहेत. त्यांत बाळंतिणी आहेत, वऱ्हाडं आहेत, मुंबईला पहिल्यांदा निघालेली पोरं आहेत. त्यांना लिहू दे. मला तुझ्याशी एक भांडण पुरं करायचं आहे. तू मध्येच उठून गेलास.

बाराव्याला आलेली माणसं पहिल्या एस.टी.ने परत गेली. जाताना प्रत्येकाने मला विचारलं, "आता तुझं कसं?" आणि उत्तराची वाट न बघता पिशवी उचलली. उत्तर त्यांनाही माहीत आहे. आबा पडवीलगतच्या खोलीत अंथरुणात, गाडी मागच्या मांगरात गवताच्या भाऱ्यांशेजारी, आणि मी या दोघांच्या मध्ये. तू होतास तेव्हाही मांडणी हीच होती, फक्त मध्ये आपण दोघं होतो. दोघांनी मिळून अडकलं की तेवढं जाणवत नाही. तू भाडं घेऊन गेलास की मी आबांजवळ, तू आलास की मी शिवणक्लासात शिकवायला. आता पाळी बदलायला कोणी नाही. क्लास पडवीत आणला आहे. पोरी खालच्या आवाजात मापं सांगतात आणि आतून आबा खोकले की सगळ्यांच्या कात्र्या थांबतात.

तुला शेवटची आंघोळ घातली तरी नखांतलं ग्रीसचं काळं निघालं नव्हतं. मी लिंबाची फोड आणायला उठले तर शेजारची यशोदाकाकी म्हणाली, "ऱ्हवांदे गो. तां तेचाच आसा." मी परत बसले. काकीला वाटलं मी आता रडेन. मी रडले नाही. त्या नखांकडे बघत मला एकच सुचत होतं: आता मी कोणाला विचारू?

विचारायचं काय होतं ते तुला माहीत आहे. वाचणाऱ्यांना माहीत नाही, म्हणून सांगते.

माझा नवरा लग्नानंतर दुसऱ्याच पावसात तापाने गेला आणि मी माहेरी आले. तू लग्न केलं नव्हतंस. मुंबईत असताना एका गॅरेजच्या दारात उभं राहून जे शिकलास त्या जोरावर वेंगुर्ल्याच्या एका वकिलाची जुनी विलायती गाडी घेतलीस आणि भाड्याने चालवायला लागलास. लांब नाकाची, काळी, आणि मागचं डावं दार आतून न उघडणारी गाडी. त्या दाराशी बसलेल्या माणसाला तू उतरून दार उघडीपर्यंत आतच बसावं लागे. "रायासारखो बस, उघडतंय," म्हणायचास.

मग आबांना, आपल्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आबांची कूस बदलायची, पाठीला तेल चोळायचं, भात मऊ करून भरवायचा, हे करता करता मला कळलं की हे काम मला येतं. घाण वाटत नाही, हात थरथरत नाही. आबांना तपासायला येणाऱ्या डॉक्टरांनीच मला कोल्हापूरच्या परिचारिकांच्या शिक्षणाची माहिती दिली. विधवा बायकांना घेत होते, वयात बसत होते, मी अर्ज केला आणि जागा मिळाली. पौषातल्या एका दिवशी दुपारपर्यंत तिथे हजर व्हायचं होतं. न येणाऱ्याची जागा पुढच्या नावाला जाणार होती. त्यासाठी कणकवलीहून सकाळची कोल्हापूरची एस.टी. गाठायला हवी होती.

मी गेले असते तर आबांना बघायला तुला घरी बसावं लागलं असतं. म्हणजे तुझी गाडी बंद. हे मी बोलले नाही, तू बोलला नाहीस. शेवटी तूच म्हणालास, "तू जा. आबांचा मी बघतंय."

"आणि गाडी?"

"ऱ्हवतली उभी. तिका काय खावक लागता?"

एवढं बोलून तू हसलास. मला ते हसू पटलं होतं, भाई. म्हणून पुढचं जास्त लागलं.

निघायच्या आदल्या दिवशी मी ट्रंक भरत होते आणि मागच्या अंगणात तू गाडीचं पोट उघडून बसला होतास. प्लग काढलेले, पॉइंट घासलेले, कार्बोरेटरचे तुकडे केळीच्या पानावर मांडलेले. त्या आठवड्यात गाडी इतकी गोड चालत होती की तूच सगळ्यांना सांगत होतास. मी पायरीवर येऊन विचारलं, "बरी चलता मां? मग तिका हात कित्याक लावतंस?"

"लांब जावचा आसा. एकदा सगळा साफ करून घेतंय. घाटीर बंद पडली तर माकाच शिये देतलंस."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता निघालो. थंडी होती, खाडीवर धुकं होतं. बाजार ओलांडेपर्यंत गाडी कशीबशी आली. पण पायाने जरा दाबलं की ती अडखळायची. दाबल्यावर लगेच जोर धरायच्या ऐवजी क्षणभर गप्प व्हायची, जणू ऐकूच आलं नाही, आणि मग हिसका देऊन पुढे यायची. कुंभारमाठचा चढ लागला आणि त्या गप्प होण्यातच ती बंद पडली. मागे घरंगळायला लागली तेव्हा तू उडी मारून चाकाखाली दगड घातलास.

मी त्या डाव्या दाराशी बसले होते. मांडीवर डबा, पायाशी ट्रंक, पलीकडच्या दारापर्यंत वळकटी. तू बॉनेट उघडलंस आणि मला समोरचं काहीच दिसेना, फक्त तो काळा पत्रा. हँडल मारलंस, चालू झाली, दाबलंस, गप्प. पुन्हा हँडल. मग तू प्लग काढलेस. मग कार्बोरेटर सोडलास. मी काचेवर टकटक केली, "दार उघड," म्हटलं. "बस गो, आता झाला," तू म्हणालास. मी तिथेच बसून राहिले आणि बाजूच्या काचेतून कातळावरचं धुकं पातळ होताना बघितलं. ऊन आलं. माझ्या पदरापर्यंत आलं. मग तू सगळं परत जोडलंस, हँडल मारलंस आणि गाडी पहिल्या झटक्यात अशी घुमली की बाजूच्या आंब्यावरचे कावळे उडाले.

"कार्बोरेटरच्या जेटात कचरो होतो," तू म्हणालास. "बघ, आता कशी चलता."

खरंच चालली. कणकवलीपर्यंत कुठेही अडखळली नाही. कोल्हापूरची गाडी निघून गेली होती. तार केली. जागा भरली असं उत्तर आलं.

मी तुला एकदाच विचारलं. परत येताना, कट्टा गावाच्या पुढे. "चलती गाडी आदल्या दिसाक कित्याक उघडलंस?"

तू रस्त्यावरची नजर न काढता म्हणालास, "तुझ्यासाठीच उघडलंय."

त्यानंतर त्याबद्दल आपण बोललो नाही. घरी आल्यावर ट्रंक तूच आत नेऊन ठेवलीस आणि मी आबांचं पाणी तापवलं.

तुला वाटत असेल मी विसरले. मी विसरले नाही आणि तुला माफही केलं नाही. एका घरात राहून, एका ताटलीतली भाजी वाटून घेऊन, मी दहा-एक वर्षं मनात एकच प्रश्न ठेवला: यानं मुद्दाम केलं का? तू आबांना उचलून खुर्चीत बसवायचास तेव्हा वाटायचं, हा असं करणार नाही. दुसऱ्या दिवशी तू शीळ घालत गाडी पुसताना दिसलास की वाटायचं, यानंच केलं. दोन्ही मतं पक्की होती आणि दोन्ही घेऊन मी स्वयंपाक करत होते.

गाडीची अडखळ मात्र गेली नाही. थंडीतल्या सकाळी ती यायचीच. पुढे तर तुझ्या उतारूंची रीतच पडली. मार्गशीर्ष लागला की चढाच्या पायथ्याशी पुरुष माणसं न सांगता उतरायची, पिशव्या खांद्यावर घेऊन चालायला लागायची, बायका तेवढ्या आत. "उतरा रे, भाईचो घोडो दमलो," कोणीतरी ओरडायचा. तू सगळ्यांबरोबर हसायचास आणि घरी येऊन जेवताना बोलायचा नाहीस.

मग दुपारी जेवण झालं की तू बॉनेट उघडायचास. नेहमी दुपारी. एक दिवस म्हणालास, पेट्रोलात पाणी आहे, टाकी रिकामी केलीस. एक दिवस कॉइल बदललीस. प्लग नवे घातलेस, परत जुने घातलेस. एकदा तर ठिणगीची वेळ, टायमिंग म्हणायचास तू, दिवसभर मागेपुढे करत बसलास. दर खेपेला पाच गोष्टी एकदम सोडायचास आणि पाचही बदलून जोडायचास. मी पडवीतून बघायचे. एकदा न राहवून म्हटलं, "एका वेळी एकच उसव. एक शिवण उसवायची, घालून बघायचा. पाच उसवलंस तर काखेत खंयची ओढता ती कशी कळतली?"

"इंजिन म्हणजे तुझो झंपर न्हय गो."

"झंपर तरी अंगात बसता."

त्यावर तू मला जवळ बोलावून डिस्ट्रिब्यूटर, ठिणगी वाटून देणारा तो डबा, दाखवलास. वरचं झाकण काढलंस, आतला फिरणारा तुकडा बोटांनी थोडा पिळून सोडलास. तो टक्कन जागेवर आला. तू समजावून सांगितलंस ते मला आजही येतं: इंजिनाचा वेग वाढला की ठिणगी जरा लवकर पडावी लागते, त्यासाठी खाली दोन लहान वजनं असतात, ती वेगाने बाहेर सरकतात आणि हळू झाल्यावर स्प्रिंगने परत येतात. ती अडकली की गाडीला दाबल्याचं कळतच नाही. "पण बघ, माझी मोकळी आसत," तू म्हणालास आणि पुन्हा पिळून सोडलंस. टक्. "थय दोष नाय."

दुपारचं ऊन होतं. बॉनेटचा पत्रा हाताला चटका देत होता.

फाल्गुनात अडखळ आपोआप जायची आणि तू शेवटी जे काय बदललं असशील त्याला श्रेय द्यायचास. पुढच्या पौषात परत.

जाहिरातही परत आली होती. ज्या वर्षी माझी गाडी चुकली त्याच्या पुढच्याच वर्षी, त्याच शिक्षणाची. मी अजून वयात बसत होते. पेपर आधी तू वाचलास, मग मी. त्या दिवशी जेवताना आपण सुरमई किती महाग झाली यावर बोललो.

आता परवाचं सांगते.

मासळीचा ट्रक चालवणारा इनास आदल्या संध्याकाळी आला होता. तुझा मित्र म्हणून बाराव्याला बाहेर खुर्च्या मांडणारा तोच. म्हणाला, "बाय, गाडी माका दी. भाईची आठवण म्हणान सांभाळतंय." मी म्हटलं, आधी चालवून बघ. त्याला दुपारी ट्रक न्यायचा असतो म्हणून तो उजाडताच आला. मांगरातून गाडी काढली, हँडल मारलं. आवाज झाला तशी आतून आबांनी पितळेची वाटी खाटेच्या लाकडावर वाजवली. तू आलास की ते असंच वाजवायचे, भाईला चहा द्या म्हणून. तू गेलास हे त्यांना सांगितलं आहे. त्यांनी मान हलवली होती. तरी वाटी वाजली. मी चहा केला आणि इनासला दिला. दुसरं काय करणार?

त्याने अंगणातच पायाने दाबून बघितलं. गप्प. मग हिसका. परत दाबलं. परत गप्प.

"अरे देवा," इनास म्हणाला. "हिका एकदा इगर्जेत न्हेवन पाद्रीकडसून पाणी शिंपडून हाडूक होया."

"आणि थयच बंद पडली तर?"

"मगे थयच ऱ्हवांदे. रविवारची बेल वाजवूक उपयोग होतलो." त्याने कप खाली ठेवला. "उन येवंदे गो, मगे उघडूया. आता हात गारठतत."

त्याचं हे बोलणं ऐकलं आणि मला पहिल्यांदा दिसलं की गाडी कधी उघडायची याबद्दल तुम्ही दोघं, आणि जगातले सगळे पुरुष, एकच बोलता. दोष सकाळी असतो आणि तो शोधायला तुम्ही दुपारी बसता. मी म्हटलं, "नाय. आताच. बंद कर आणि झाकण काढ."

"कसला?"

मी दाखवलं. त्याने दोन्ही बाजूंचे चाप सोडून झाकण काढलं. मी तो आतला तुकडा तू करायचास तसा बोटांनी पिळला आणि सोडला. तो आला नाही. तिथेच राहिला. मी बोटाने मागे लोटला तेव्हा ओल्या मातीतून खुंटी निघावी तसा सावकाश आला.

इनासने मग पॉइंटची पट्टी सोडली. खाली ती दोन वजनं होती. त्यांच्यावर, स्प्रिंगवर, सगळीकडे पांढरं बसलं होतं. मेणासारखं. मी नखाने थोडं काढलं आणि हुंगलं. घरचं खोबरेल.

भाई, मी तिथे मांगराच्या दारात उभी राहिले आणि मला सगळं एका वेळी कळलं. आपल्या घरात तेल म्हटलं की एकच. आपल्या माडांचं, आपल्या घाण्यावरचं. विहिरीच्या रहाटाला तेच, कुलपाला तेच, दाराच्या बिजागरीला तेच, आबांच्या पाठीला तेच. बाजारातल्या तेलावर तुझा विश्वास नव्हता. एकदा तू माझ्या शिवणयंत्रालाही मायेने तेच घातलं होतंस आणि थंडीत सकाळी पायटा जागचा हलेना. मी रॉकेलने धुऊन काढलं, तुला बोलले, यंत्राला हात लावू नकोस म्हणाले. आणि बाहेर मांगरात तीच गोष्ट चालली आहे हे माझ्याही डोक्यात आलं नाही. न्हाणीत खोबरेलाची बाटली थिजते म्हणून मी ती रोज चुलीपाशी आणून ठेवत होते, आणि तू त्याच तेलाचे थेंब इंजिनाच्या सगळ्यात नाजूक जागेत घालत होतास. ऊन आलं की ते पातळ व्हायचं. तू उघडायचास तेव्हा सगळं मोकळं. टक्. दर सफाईला आणखी दोन थेंब घालायचास, काळजीने.

म्हणजे त्या आदल्या दिवशीही तू तेच केलंस. लांबच्या प्रवासाला गाडी तयार केलीस. माझ्यासाठीच उघडलीस, जसं सांगितलंस तसं.

मला वाटलं होतं, कधी हे कळलं तर मी मोकळी होईन. तसं झालं नाही. इनास विचारत होता, "काय झाला गो बाय?" आणि मी रॉकेलची बाटली आणायला आत गेले. आबांची कूस बदलायची वेळ झाली होती, ती बदलली. मग बाहेर येऊन जुन्या ब्रशने वजनं घासली, पुसली, यंत्राचं पातळ तेल घातलं. इनासने परत जोडलं. हे सगळं चालू असताना मी तुझ्यावर चिडलेले होते, आणि कशाबद्दल ते मला सांगता येत नव्हतं. इतकी वर्षं ज्या गोष्टीवर मी चिडले होते ती तर घडलीच नव्हती. राग ठेवायची जागा गेली आणि राग हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी इनासला पुन्हा त्याच वेळी बोलावलं, गाडी थंडगार असताना. यशोदाकाकीला आबांजवळ बसवलं. मी पुढे बसले. मागचं ते दार अजून तसंच आहे. खाडीवर धुकं होतं. बाजार गेला, चढ आला. इनासने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "दाब." त्याने दाबलं आणि गाडीने ऐकलं. मध्ये काही नाही, लगेच. आम्ही न थांबता वर आलो. वर कातळावर पोचल्यावर इनासने गाडी हळू केली. मग म्हणाला, "भाईन ह्यां बघूक होया होता."

"होय," मी म्हटलं.

"परत फिरूया?"

"फुडे घे."

कणकवलीपर्यंतच्या त्या रस्त्यावर मी तुझ्याशी भांडले, भाई, मनात. गाडीचं मिटलं, आता तुझं आणि माझं. त्या सकाळी तू मला अडवलं नाहीस, मान्य. पण पुढच्या वर्षी जाहिरात आली तेव्हा गाडी चांगली ठणठणीत होती. वैशाख होता. तू एकदा म्हणायचं होतंस, जातंस काय गो. तू म्हणाला नाहीस. तुझं उत्तरही मला ऐकू आलं, कारण तुझ्याकडे नेहमी तेवढं एकच असायचं: "तू तरी खंय इचारलंस?" मी विचारलं नाही, खरं आहे. तू नाही म्हणशील म्हणून नाही. तू लगेच हो म्हणशील, आणि मग तुझी गाडी मांगरात उभी राहील, आणि ते मी करवलेलं असेल, म्हणून. तुझंही तसंच काही असेल का? मी राहावी असं तुला वाटत होतं आणि ते म्हणायचा हक्क आपल्याला नाही असंही वाटत होतं? की तुला नुसती सुरमई महाग वाटत होती? यासाठी उघडून बघता येईल असं काही तू मागे ठेवलेलं नाहीस.

एवढं मात्र लिहून ठेवते. इतकी वर्षं तू माझ्या शेजारी संशयित म्हणून राहिलास आणि तुला ते माहीत होतं. तरी क्लासाला उशीर झाला की तू मला न सांगता आबांना भरवून ठेवायचास. माझ्या क्लासातल्या पोरींना उन्हातून घरी जायला लागू नये म्हणून बाजारापर्यंत फुकट सोडायचास. एकदाही म्हणाला नाहीस की शाली, मी ते केलं नव्हतं. म्हटलं असतंस तर मी विश्वास ठेवला नसता, हेही तुला माहीत असणार.

कणकवलीला पोचलो तेव्हा कोल्हापूरची गाडी उभी होती. टपावर टोपल्या चढत होत्या. मी उतरून तिच्या दाराशी गेले. कशाला गेले ते विचारू नकोस. आत बघितलं. चालकामागची खिडकीजवळची एक जागा रिकामी होती. एक पोरगी छोटी ट्रंक घेऊन चढली, तिच्या बापाने खालून तिला केळी दिली, तिने ती परत त्याच्याच पिशवीत टाकली. कंडक्टरने पाटी लावली आणि माझ्याकडे बघितलं.

"येणार का बाई? जागा आहे."

मी वेळेवर आले होते. माझ्यापाशी पिशवी नव्हती, पलीकडे कोणी वाट बघत नव्हतं, आणि घरी यशोदाकाकीला मी फक्त सकाळपुरतं बसायला सांगितलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "सोडायला आले होते."

त्याने दोरी ओढली. घंटी वाजली. गाडी स्टँडाबाहेर वळून फोंडा घाटाच्या रस्त्याला लागेपर्यंत मी तिथेच उभी होते. इनास मागून आला. त्याच्या हातात दोन भज्यांच्या पुड्या होत्या.

"कोणाक सोडूक इल्लंस गो बाय?"

मी एक पुडी घेतली. गरम होती.

"चल," मी म्हटलं. "आबा जागे झाले आसतले."